विश्लेषण : सॅफोची प्रेयसी एका अक्षरावर कशी तरली?

२००८ मध्ये ग्रीसच्या लेस्बोस बेटावरील तीन रहिवासी अथेन्सच्या न्यायालयात गेले. समलैंगिक स्त्रियांसाठी ‘लेस्बियन’ हा शब्द वापरण्यास ग्रीसमधील एका संघटनेला मनाई करावी, अशी त्यांची मागणी होती. लेस्बियन म्हणजे मुळात लेस्बोसची व्यक्ती. या दुसऱ्या अर्थामुळे बेटावरच्या माणसांची जगभर कुचंबणा होते, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने ती मागणी त्याच वर्षी फेटाळली. बातमी जगभर मिस्कीलपणे छापली गेली आणि विरून गेली. पण ज्या कवयित्रीमुळे या बेटाच्या नावाला हा दुसरा अर्थ चिकटला, त्या सॅफोच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेतील प्रिय व्यक्ती स्त्री की पुरुष, हे कित्येक शतके ग्रीक भाषेतल्या एका प्रत्ययावर लोंबकळत होते, हे त्या बातम्यांत फारसे कुठे आले नाही. ते समजून घेतले, तर प्राचीन ग्रीक काव्यातील स्त्री-पुरुष भूमिकांबद्दल आज दोन्ही बाजूंनी जे ठामपणे बोलले जाते, त्यातला बराच ठामपणा गळून पडतो.

सॅफोचे नेमके काय उरले आहे?

सॅफोचा जन्म इ.स.पू. ६३० च्या आसपासचा. लेस्बोसमधील मितिलिनी हे तिच्या वावराचे शहर. तिच्या गीतांचे अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी आठ किंवा नऊ ग्रंथ केले होते. त्यातील पहिल्या ग्रंथातच १३२० ओळी होत्या, हे इजिप्तमध्ये सापडलेल्या एका पपायरसवरील नोंदीवरून कळते. एकूण लेखन दहा हजार ओळींच्या घरात असावे, असा अंदाज केला जातो. आज हाती आहेत त्या साधारण साडेसहाशे ओळी, आणि त्याही बहुतेक फाटक्या. पूर्ण म्हणावी अशी कविता एकच, आफ्रोदिती देवीला केलेली विनवणी. तीही डायोनिसियस नावाच्या एका शैलीशास्त्रज्ञाने उत्तम शब्दजुळणीचा नमुना म्हणून उतरवून घेतली, म्हणून वाचली.

चर्चने तिची पुस्तके जाळली, अशी एक कथा सर्रास सांगितली जाते. तिला विश्वासार्ह पुरावा नाही. खरे कारण त्याहून कंटाळवाणे आहे. सॅफोची इओलिक बोली नंतरच्या विद्यार्थ्यांना अवघड जाऊ लागली, अभ्यासक्रमात अथेन्सची भाषा चालू लागली, आणि ज्याची नक्कल होत नाही ते हस्तलिखितांच्या जगात संपते. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यावर १८९६-९७ च्या हंगामात ग्रेनफेल आणि हंट या ब्रिटिश संशोधकांनी खोदाई सुरू केली, तेव्हापासून तिचे तुकडे पुन्हा हाती येऊ लागले.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ‘लिरिक’ या शब्दासाठी आपण ‘भावकविता’ म्हणतो आणि डोळ्यांपुढे खिडकीशी एकटा बसलेला कवी येतो. ग्रीक लिरिक म्हणजे लायर या तंतुवाद्याच्या साथीने लोकांसमोर गायिलेले गीत. कधी पुरुषांच्या मद्यपानाच्या बैठकीत, कधी देवळापुढे, कधी लग्नात. त्यातला ‘मी’ हा कवीच्या रोजनिशीतला ‘मी’ असेलच असे नाही.

एका अक्षराचा वाद काय होता?

आफ्रोदितीच्या त्या गीतात देवी स्वर्गातून उतरते आणि हसून विचारते की या वेळी तुला कोणी दुखावले आहे. सॅफो स्वतःचे नाव गीतात घालते. मग देवी आश्वासन देते, की जी व्यक्ती आज पळते आहे ती लवकरच पाठलाग करील, भेटी नाकारते आहे ती भेटी देईल. आता गंमत अशी, की ग्रीक क्रियापद कर्त्याचे लिंग सांगत नाही. ‘कोण’ हे सर्वनामही सांगत नाही. त्यामुळे हे सगळे आश्वासन स्त्रीबद्दल आहे की पुरुषाबद्दल, हे कडव्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. तो शेवटचा शब्द म्हणजे ‘इच्छा नसतानाही’ अशा अर्थाचे धातुसाधित, आणि धातुसाधिताला लिंग असते.

नेमका हाच शब्द हस्तलिखितांत बिघडलेला होता. जुन्या आवृत्त्यांनी तो असा लावला, की त्यातून लिंगाचा उलगडाच होईना. मग अनुवादकांनी सोयीचा अर्थ घेतला. १७११ मध्ये लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात अँब्रोस फिलिप्स यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. त्यात सॅफो एका तरुणासाठी झुरते. पुढे दीड-दोन शतके इंग्रजी वाचकांपुढे प्रामुख्याने हीच सॅफो राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थिओडोर बेर्क या जर्मन अभ्यासकाने वृत्त आणि बोली यांचा हिशेब मांडून तो शब्द स्त्रीलिंगी रूपात दुरुस्त केला. आज बहुतेक संपादक तोच पाठ घेतात. १८८५ च्या हेन्री व्हॉर्टन यांच्या इंग्रजी आवृत्तीत स्त्रीवाचक सर्वनाम आले, ते या दुरुस्तीमुळे.

सॅफोचे स्त्रीप्रेम म्हणजे एका जर्मन प्राध्यापकाची दुरुस्ती, असे मात्र कोणी समजू नये. तिच्या दुसऱ्या प्रसिद्ध गीतात असा आडपडदाच नाही. एक पुरुष एका व्यक्तीसमोर बसून तिचे मंजूळ बोलणे आणि हसणे ऐकतो आहे. ते पाहून गाणाऱ्या ‘मी’ची जीभ लुळी पडते, कानांत घोंघावते, घाम फुटतो. या गीतात बोलणारी-हसणारी व्यक्ती स्त्री आहे, हे धातुसाधितावरून स्पष्ट होते. आणि जिचा रंग उडतो ती ‘मी’ही स्त्रीच, हे विशेषणावरून. दोन्ही बाजूंना व्याकरणाची मोहोर आहे. पुढे रोमन कवी कॅटुलसने हेच गीत लॅटिनमध्ये आणले, तेव्हा त्याने ‘मी’ पुल्लिंगी केला आणि समोरच्या स्त्रीला नाव दिले लेस्बिया. पुरुषाचे स्त्रीवरचे प्रेम सांगायला त्याला एका स्त्रीचे स्त्रीवरचे गीत उसने घ्यावे लागले. यावर अधिक भाष्य कशाला करायचे?

मग विद्वानांना अडचण कसली?

अडचण पुराव्याची नव्हती, प्रतिष्ठेची होती. ज्या ग्रीसला युरोपने आपले आजोळ मानले, तिथली सर्वश्रेष्ठ कवयित्री अशी कशी? १८१६ मध्ये फ्रीड्रिख वेल्कर या जर्मन पंडिताने सॅफोला ‘प्रचलित पूर्वग्रहातून मुक्त’ करण्यासाठी एक पुस्तकच लिहिले. पूर्वग्रह म्हणजे अर्थात तिचे स्त्रियांवरील प्रेम. १९१३ मध्ये विलामोवित्झ या त्याहून दबदबा असलेल्या विद्वानाने तिला मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी उभी केली. कान घोंघावणारे ते गीत त्याच्या मते लग्नातले, आणि समोर बसलेला पुरुष म्हणजे नवरदेव! शिष्येला निरोप देताना बाईंना इतका घाम का फुटावा, हा प्रश्न त्याला पडला नाही. अशा शाळेला प्राचीन पुरावाच नाही, हे होल्ट पार्कर या अमेरिकी अभ्यासकाने १९९३ मध्ये सविस्तर दाखवले. तोवर ती ‘शाळा’ कित्येक पाठ्यपुस्तकांत भरत होती.

सॅफोला पुरुषांच्या चौकटीत बसवण्याचा खटाटोप एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला, असेही नाही. खुद्द ग्रीकांनी तो आधीच केला होता. अथेन्सच्या विनोदी नाटककारांनी तिला रंगभूमीवर आणले. फाऑन नावाच्या देखण्या नावाड्यासाठी तिने कड्यावरून उडी मारल्याची दंतकथा पसरली. मध्ययुगीन ग्रीक कोश तिच्या नवऱ्याचे नाव आन्द्रॉसचा केर्किलास असे देतो. त्याचे मराठी करायचे तर ‘मर्दपूरचे शेपूटराव’ असे काहीसे होईल; ग्रीक बोलीत शेपूट हा शब्द कशासाठी वापरत हे सांगायला नको. बहुधा कुठल्यातरी प्रहसनातला विनोद पुढे चरित्रात शिरला. आणि ज्या अथेन्सने हे विनोद केले, तिथे ‘लेस्बोसकरांसारखे वागणे’ या क्रियापदाचा अर्थही आजचा नव्हता. त्याचा संबंध होता तो पुरुषाला दिल्या जाणाऱ्या एका शरीरसुखाशी. सॅफो स्त्रियांवर प्रेम करणारी म्हणून काही लोक तिला नावे ठेवतात, असा थेट उल्लेख इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील एका पपायरसवरील चरित्रात येतो. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर किमान सात शतकांनी.

पुरुष कवी कुठे उभे आहेत?

‘प्राचीन ग्रीस म्हणजे समलैंगिकांचा स्वर्ग’ हा लोकप्रिय समज पुरुष कवी वाचले की टिकत नाही. थिऑग्निस, इबिकस, अनॅक्रिऑन यांच्या गीतांत पुरुषाचे पुरुषावरचे प्रेम उघडपणे येते हे खरे. पण ते दोन बरोबरीच्या माणसांमधले नसते. एक प्रौढ, दुसरा वयाने लहान; एक मागणारा, दुसऱ्याने लाजायचे. आजच्या कायद्याने त्यातले बरेच काही सरळ अत्याचार ठरेल. केनेथ डोव्हर यांनी १९७८ मध्ये ‘ग्रीक होमोसेक्शुअ‍ॅलिटी’ या पुस्तकात ही विषमता पुराव्यांनिशी मांडली. नागरिक पुरुषाची इभ्रत समोर कोण आहे यावर नव्हे, तर तो स्वतः वरचढ आहे की नाही यावर ठरे. गुलामांना आणि स्त्रियांना विचारतो कोण! या व्यवस्थेला आदर्श म्हणून मिरवणे हे ती नव्हतीच असे म्हणण्याइतकेच चुकीचे आहे.

सॅफोचे वेगळेपण दिसते ते याच पार्श्वभूमीवर. पुरुषांच्या गीतांत पळणाऱ्याने पळायचे आणि पाठलाग करणाऱ्याने पाठलाग करायचा, भूमिका ठरलेल्या. सॅफोची देवी म्हणते, की पळणारी पाठलाग करील. कोणाचा करील हेही ती सांगत नाही, ते कर्म मूळ ग्रीकमध्ये मोकळे सोडले आहे. हेलनबद्दलही तसेच. एरवी हेलन म्हणजे पळवून नेलेली बाई. सॅफो एका गीतात तिचा दाखला देते तो स्वतःच्या ओढीने घर सोडून निघालेली स्त्री म्हणून. आणि त्या दाखल्यावरून तिला दूर गेलेली आनाक्तोरिया आठवते. युद्धाचा सगळा थाटमाट एका बाजूला आणि एका मैत्रिणीची चाल नि चेहरा दुसऱ्या बाजूला ठेवून ती दुसरी बाजू निवडते.

स्पार्टाच्या अल्कमनचे उदाहरण आणखी गुंतागुंतीचे. सक्कारा येथे १८५५ मध्ये सापडलेल्या आणि आता पॅरिसच्या लूव्हरमध्ये असलेल्या पपायरसवर त्याचे एक वृंदगीत आहे. मुलींचा समूह हागेसिखोरा आणि आगिदो या दोघींच्या रूपाची स्तुती गातो, आणि ती भाषा निव्वळ कौतुकाची नाही, ओढीची आहे. हे गीत गुपचूप नव्हे, धार्मिक सोहळ्यात सर्वांसमोर गायिले गेले. शब्द पुरुषाचे, आवाज मुलींचे. शाहिरांनी बाईच्या तोंडी घातलेल्या लावण्या ऐकलेल्या वाचकाला हे फार परके वाटू नये. तिथेही ‘मी’ नेमकी कोणाची, हा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलींना प्रौढत्वात नेणाऱ्या संस्काराचा तो भाग असावा, असे क्लोद कालाम यांनी १९७७ मध्ये मांडले. ते मान्य केले, तरी ओढीचे शब्द तिथून हटत नाहीत.

आणि अनॅक्रिऑन. एका गीतात तो नटव्या पुरुषाची टर उडवतो, त्याच्या कानांतल्या आभूषणांची आणि बायकी छत्रीची. त्याच्याच नावाशी जोडल्या गेलेल्या अथेन्सच्या चित्रित भांड्यांवर मात्र दाढीवाले पुरुष पायघोळ झगे घालून, डोक्याला फेटा गुंडाळून, हातात छत्र्या घेऊन नाचताना दिसतात. हा स्त्रीवेश आहे की आशिया मायनरमधून आलेली श्रीमंती फॅशन, यावर अभ्यासक भांडतात. मला दुसरी शक्यता जास्त पटते. पण मद्याच्या बैठकीत पुरुषीपणाचे नियम सैल होत असत, एवढे ती भांडी नक्की सांगतात.

या सगळ्याचा आजच्याशी संबंध काय?

१९९२ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात समलैंगिकांना भेदभावापासून संरक्षण देणारे कायदे करण्यास मनाई करणारी घटनादुरुस्ती जनमताने मंजूर झाली. पुढच्या वर्षी तिच्यावरील खटल्यात मार्था नुसबॉम आणि जॉन फिनिस हे दोन नामवंत विद्वान परस्परविरोधी बाजूंनी साक्षीला आले. वाद कशावर? प्लेटोच्या ‘लॉज’ ग्रंथातील एका ग्रीक शब्दाचा अर्थ ‘धाडस’ की ‘अपराध’ यावर, आणि कोणत्या शब्दकोशाची कोणती आवृत्ती पाहिली यावर. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली, ती समान संरक्षणाच्या तत्त्वावर. प्लेटोला कोणी विचारले नाही.

आपल्याकडेही कलम ३७७ ची चर्चा निघाली की एक बाजू खजुराहो आणि कामसूत्र पुढे करते, दुसरी ‘हे पश्चिमेचे खूळ’ म्हणते. ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल मात्र राज्यघटनेतील समानता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा यांवर उभा आहे. कोणाला कोणावर प्रेम करता यावे, हे ठरवण्यासाठी इ.स.पू. सहाव्या शतकाची परवानगी लागत नाही. ती मागायला गेलो, तर सॅफोसोबत अनॅक्रिऑनची विषम व्यवस्थाही पदरात घ्यावी लागेल.

मग सॅफोला ‘लेस्बियन कवयित्री’ म्हणायचे की नाही? आजच्या अर्थाची ‘ओळख’ तिच्या काळात नव्हती, हे फूको आणि डेव्हिड हॅल्परिन यांनी शिकवले आणि ते बरोबर आहे. पण हा सावधपणा नेहमी एकाच दिशेने दाखवला जातो, हे खटकते. ओडिसियस आणि पेनेलपी यांच्या प्रेमाला ‘विषमलैंगिक’ म्हणावे का, यावर कोणी टीप लिहीत नाही. सॅफोच्या ओळीत स्त्री स्त्रीसाठी झुरते. एवढे तरी टीप न लिहिता म्हणता आले पाहिजे. तिच्या खासगी आयुष्याबद्दल गप्प राहणे वेगळे आणि गीतातले स्त्रीलिंग गिळणे वेगळे.

मराठीत आणताना काय होते?

इंग्रजी अनुवादकाला ‘आय’ आणि ‘यू’ मागे लपता येते. मराठीला ते इतके सोपे नाही. घामाघूम होणाऱ्या त्या गीतात पहिल्याच क्रियापदाला ‘मी थरथरतो’ की ‘मी थरथरते’ हे ठरवावे लागते, आणि तिथे मराठी प्रामाणिक ठरते. आफ्रोदितीच्या गीतात मात्र ती अडचणीत येते. ‘कोण छळतो’ असे सवयीने लिहिले, की न ठरवताच पुरुष आला, १७११ च्या लंडनसारखा. ‘कोण छळते’ लिहिले, की सॅफोने शेवटच्या शब्दापर्यंत राखून ठेवलेले गुपित आधीच फुटले. ‘कोणी छळले’ केले तर लिंगापासून सुटका होते, पण चालू असलेली वेदना भूतकाळात जाते. भविष्यकाळ बरा. ‘करील’ तिचेही आणि त्याचेही. तेव्हा ती आश्वासने भविष्यकाळात ठेवून, शेवटी एकच ‘नको म्हणणारी’ आणता येते.

अनॅक्रिऑनच्या एका छोट्या गीतात याच्या उलट घडते. म्हातारा कवी लेस्बोसच्या एका मुलीकडे ओढला जातो; ती त्याच्या पांढऱ्या केसांना नाके मुरडते आणि ‘दुसऱ्या कोणाकडे’ तरी टक लावून पाहते. ग्रीकमध्ये तो ‘दुसरा’ शब्द स्त्रीलिंगी आहे. ‘केस’ हा ग्रीक शब्दही स्त्रीलिंगीच. मग ती दुसऱ्या कोणाच्या काळ्या केसांकडे पाहते आहे, की दुसऱ्या मुलीकडे? शतकभर यावर निबंध लिहिले गेले आहेत. इंग्रजी अनुवादकाला एक काहीतरी निवडावे लागते. मराठीत ती सरळ ‘दुसरीकडे’ बघते, आणि कवीला जेवढे सांगायचे होते तेवढेच राहते.